चार रॅम लावल्यापासून पीसी मधेच रीस्टार्ट होतोय : रॅम की एसएमपीएस?

कोकणकडा :

घरी जोडलेला पीसी आहे. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, मध्यम ताकदीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. आधी डीडीआर४ ३२०० सीएल१६ची ८ जीबीच्या दोन स्टिकची जोडी होती आणि काही तक्रार नव्हती. व्हिडिओ एडिटिंगला कमी पडायला लागली म्हणून त्याच कंपनीची, त्याच मॉडेल नंबरची आणखी एक जोडी घेऊन चारही स्लॉट भरले. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे : ३२०० आणि १.३५ व्होल्ट.

आता दोन प्रकार होतात. कधी निळा पडदा येतो, त्यावर बहुतेक वेळा मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं असतं, पण दर वेळी तेच नसतं. आणि कधी निळा पडदा वगैरे काही नाही, स्क्रीन एकदम काळी होते आणि पीसी थेट पहिल्यापासून सुरू होतो. हा दुसरा प्रकार पावसाळा सुरू झाल्यापासून वाढलाय, त्यातही रेंडर चालू असताना जास्त. ब्राउझरचे टॅब मधूनमधून क्रॅश होतात ते वेगळंच.

विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, काही सापडलं नाही. सगळ्या स्टिक काढून खोडरबराने घासून परत बसवल्या, फरक नाही. दुकानात विचारलं तर एसएमपीएस बदला म्हणतात. घराला इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाइट गेली तरी पीसी चालू राहतो, वीज हे कारण नसावं. नवीन एसएमपीएस घेण्याआधी नेमकं काय तपासू?

सर्किटवाला :

एसएमपीएस अजून घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या दोन प्रकारांमागे एकच कारण आहे असं धरून चालू नका. दोन्ही आधी वेगळे करा, आणि ते काम विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, फुकटात करतो.

विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम उघडा आणि कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१ शोधा. ही नोंद दिसली की लोक लगेच ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ म्हणतात, दुकानदारही बहुधा त्यावरूनच म्हणाले असतील. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. कामाची माहिती तिच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे बगचेक-कोड नावाचा आकडा बघा. तो दशमान पद्धतीत असतो, त्यामुळे निळ्या पडद्यावरच्या षोडशमान कोडशी थेट जुळत नाही. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. २९२ म्हणजे व्ही (WHEA) अनकरेक्टेबल एरर, हार्डवेअरची दुरुस्त न होणारी चूक. आणि आकडा ० असेल तर विंडोजला काही कळायच्या आत मशीन मेलं : वीज तुटली, रीसेट झालं किंवा बोर्डाने स्वतःच रीसेट केलं. त्याच जागी पॉवर-बटन-टाइमस्टॅम्प शून्य नसेल तर कोणीतरी पॉवर बटण दाबून धरलं होतं, ती नोंद यादीतून वगळा.

दर नोंदीची तारीख, वेळ आणि बगचेक-कोड एका कागदावर उतरवा. शून्यवाल्यांचा गट वेगळा, बाकीच्यांचा वेगळा.

दुसरं म्हणजे, निळा पडदा आल्यावर विंडोज आपोआप रीस्टार्ट होतं ते बंद करा. सिस्टम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. निळा पडदा क्षणभर येऊन गेला तर तो काळा पडदाच वाटतो. यानंतर मशीन निळ्या पडद्यावर थांबून राहिलं तर तो प्रकार निकाली निघाला.

तिसरं, त्याच लॉगमध्ये व्ही-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) शोधा. इव्हेंट १८ असेल आणि त्यात कॅश हायरार्की एरर लिहिलं असेल तर संशय प्रोसेसरच्या कोरवर जातो. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये) उणे आकडे टाकले असतील तर ते आधी शून्यावर आणा. इव्हेंट १९ मध्ये बस-इंटरकनेक्टच्या दुरुस्त केलेल्या चुका दिसत असतील तर इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा) वेग जास्त झालाय, पण डीडीआर४ ३२०० ला तो १६०० असतो आणि तिथे सहसा त्रास होत नाही.

मध्यरात्र :

मेमरीपुरतं मी लिहिते.

विंडोजच्या डायग्नोस्टिकने चूक दाखवली तर ती खरी माना, पण काही सापडलं नाही यावरून रॅम ठीक आहे असं ठरवू नका. त्याची नेहमीची चाचणी आटोपशीर आहे. सुरू असताना एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडता येते, तरी मी त्यावर विसंबणार नाही.

पेन ड्राइव्हवरून सुरू होणारं मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस घ्या. ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. पहिल्याच्या फुकट आवृत्तीत एका वेळी ४ फेऱ्या होतात. दुसरं पूर्ण मुक्त आहे, फेऱ्यांची मर्यादा नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या ६.०० आवृत्तीपासून ते यूईएफआयवर (नव्या पद्धतीच्या बायोसवर) चालतं. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून रिकामा घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सेटिंग) अडवत असेल तर चाचणीपुरतं बंद करा. मात्र बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज उघडताना ती मागेल आणि तुम्ही अडकाल.

क्रम असा ठेवा.

आधी चारही स्टिक आहेत तशा, एक्सएमपी चालू ठेवून. एक चूक दिसली तरी थांबा, आणखी मोजत बसण्यात अर्थ नाही. मान्य करण्याजोगी चुकांची संख्या शून्य आहे. (अपवाद एकच : मेमटेस्ट८६ च्या टेस्ट १३ मध्ये, म्हणजे हॅमर टेस्टमध्ये, तेवढ्याच चुका आल्या तर ती रॅम रोजच्या वापरात चुकेलच असं नाही. बाकी कुठल्याही टेस्टची चूक म्हणजे चूक.)

मग एक्सएमपी बंद करून तेच. रॅम आता २१३३ ते २६६६ मधल्या कुठल्यातरी मूळ वेगावर आणि १.२ व्होल्टवर चालेल. चुका गायब झाल्या तर स्टिक मेलेली असण्यापेक्षा चारही मिळून तो वेग पेलत नाहीत ही शक्यता मोठी. तरीही आल्या तर खराब स्टिक, स्लॉट किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर.

मग एकेक स्टिक. प्रत्येकीवर पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहा (स्टिकरवर लिहा, चिपवर नको) आणि सगळ्या एकाच स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये तपासा. प्रोसेसरकडून मोजलं तर तो दुसरा स्लॉट. स्लॉट बदलत गेलात तर दोष स्टिकचा की स्लॉटचा हे कळणार नाही. जी चुकेल ती मग बी२ मध्ये लावून बघा, म्हणजे प्रोसेसरकडून चौथ्यात. तिथेही चुकली तर स्टिकच खराब. चांगली ठरलेली स्टिक एखाद्या ठरावीक स्लॉटमध्येच चुकत असेल तर स्लॉटमध्ये धूळ आहे का बघा, आणि प्रोसेसर काढून पिना वाकल्यात का तेही. एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि एक वाकली तरी एखादा अख्खा मेमरी चॅनल (प्रोसेसर ते रॅमचा मार्ग) बिघडू शकतो.

चूक आली की पडद्यावरचा पत्ता, अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा यांचा फोटो काढा. पण पत्त्यांची तुलना एकच स्टिक असतानाच करा. दोन चॅनलमध्ये रॅम असली की पत्ते दोन्हीकडे आलटून पालटून वाटले जातात, त्यामुळे पत्त्यावरून स्टिक ओळखता येत नाही.

मेमटेस्ट८६ ची पहिली फेरी मुद्दाम छोटी ठेवलेली असते. ती पार पडली म्हणून उठू नका, चारही होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. कॅबिनेटचं झाकण लावूनच चालवा, कारण काही स्टिक गरम झाल्यावरच चुकतात.

खोडरबराबद्दल : संपर्क मळला असेल तरच त्याने फरक पडतो, आणि सोन्याचा थर इतका पातळ असतो की वारंवार घासला तर तो उडतो. शिवाय रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा, आणि पूर्ण वाळल्यावरच स्टिक बसवा.

पाऊलवाट :

वरच्या दोघांचं सगळं बरोबर आहे, पण चार स्टिकचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण ‘तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर’ यावर लोकांचा फार भरवसा असतो.

एएमडीने रायझन ५००० साठी दिलेली वेगमर्यादा स्टिकच्या संख्येवर अवलंबून आहे. दोन स्टिकना ३२००. चार सिंगल रँक स्टिकना २९३३. चार ड्युअल रँक स्टिकना २६६७. (रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपचा एकत्र काम करणारा गट : सिंगलमध्ये एक, ड्युअलमध्ये दोन.) म्हणजे चार स्टिकवर ३२०० चालले तर चांगलंच, पण नाही चालले तर वॉरंटीत कोणाकडे बोट दाखवता येत नाही. एक्सएमपी मुळात ओव्हरक्लॉकच आहे. पाकिटावर ३२०० लिहिलंय ते त्या पाकिटातल्या दोन स्टिकपुरतं तपासलेलं असतं.

एकाच मॉडेल नंबरच्या आत कंपन्या वेळोवेळी चिप बदलतात. स्टिकरवर आवृत्तीचा बारीक आकडा असतो, दोन्ही जोड्यांचा तो जुळतो का बघा. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये चारही स्लॉट एकेक करून निवडा : रँक, उत्पादनाचा आठवडा आणि टायमिंगची (रॅमच्या प्रतिसादाच्या वेळांची) कोष्टकं समोर येतील. एक जोडी सिंगल रँक आणि दुसरी ड्युअल रँक निघाली तर ३२०० चा आग्रह सोडलेला बरा.

चारही स्टिक एकेकट्या निर्दोष ठरल्या आणि एकत्रच चुकल्या, तर हे करून बघा. बोर्डाचा बायोस अद्ययावत करा, मेमरी सुसंगतीच्या दुरुस्त्या त्यातल्या एजिसामध्ये (एएमडीने दिलेल्या मूळ कोडमध्ये) येतात. मग एक्सएमपी चालू ठेवून फक्त वेग २९३३ वर आणा, टायमिंगला हात लावू नका. तरी चुका आल्या तर डीरॅम व्होल्टेज १.३५ वरून १.३७ करा. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.१ च्या आसपास आहे ना ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलानंतर पूर्ण चाचणी घ्या. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा बिघडलं की पाटी कोरी.

मेमटेस्ट स्वच्छ आल्यावर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीची मेमरी चाचणी तासभर तरी चालवा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना जे उघडं पडतं ते पेन ड्राइव्हवरच्या चाचणीत कधी कधी दिसत नाही.

कोकणकडा :

तिघांचेही आभार. निकाल लिहितो.

इव्हेंट ४१ च्या नोंदींचे खरंच दोन गट पडले. एका गटात २६ आणि ८०, दुसऱ्यात सगळे ०. व्ही-लॉगरची एकही नोंद नाही. ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढल्यावर निळे पडदे थांबून राहतात, पण काळ्या पडद्याचे रीस्टार्ट तसेच होतात.

मेमटेस्ट : चार स्टिक, एक्सएमपी चालू, चुका. एक्सएमपी बंद, तरीही चुका. एकेक करून तपासल्यावर १, २ आणि ४ स्वच्छ. ३ नंबर, म्हणजे नव्या जोडीतली एक, ए२ मध्येही चुकली आणि बी२ मध्येही. पत्ता दर वेळी तोच. अपेक्षित एफएफएफएफएफएफएफएफ, मिळालेलं एफएफएफबीएफएफएफएफ.

मध्यरात्र :

यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळत नाही. एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. ३२ पैकी एकच बिट पडला, उजवीकडून शून्यापासून मोजला तर अठरावा. ८ जीबीच्या सिंगल रँक स्टिकवर सहसा ८ चिप असतात आणि ६४ बिटांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला ८ येतात. तोच पत्ता, तोच बिट, वेग कमी करूनही, स्लॉट बदलूनही : त्या चिपमधला एक कप्पा १ धरून ठेवत नाही. टायमिंग किंवा व्होल्टेजची चूक अशी वागत नाही. तिथे पत्ते विखुरलेले असतात, दर फेरीला वेगळे असतात आणि वेग उतरवला की कमी होतात.

व्होल्टेज वाढवून ही स्टिक वाचवायचा प्रयत्न करू नका. बाद समजा. नवी जोडी अख्खी काढा आणि जुन्या दोन स्टिक ए२ आणि बी२ मध्ये लावून एक्सएमपीवर चार फेऱ्या घ्या. टॅबचे क्रॅश आणि २६, ८० वाले निळे पडदे थांबायला हवेत. त्या कप्प्यात कधी ब्राउझरचा डेटा येतो, कधी ड्रायव्हरचा, कधी फाइलचा, म्हणून दर वेळी पडद्यावर वेगळं नाव दिसत होतं.

सर्किटवाला :

आता शून्याचा गट. रॅम बदलून तो जाईल असं मला वाटत नाही. तुमच्या पहिल्या पोस्टमधली तीन वाक्यं परत वाचा : पावसाळ्यात वाढलं, रेंडर चालू असताना जास्त, आणि इन्व्हर्टर आहे म्हणून वीज हे कारण नसावं. माझा संशय नेमका इन्व्हर्टरवर आहे.

बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला दोन मोड असतात, मागे छोटं बटण असतं किंवा पॅनलवरून बदलता येतात. इको किंवा नॉर्मल मोडमध्ये तो बाहेरचं व्होल्टेज १०० च्या आसपास घसरेपर्यंत तसंच आत सोडतो आणि बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. पंखे-दिव्यांना ते चालतं. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर गेलं की तो लगेच बॅटरीवर जातो आणि बदलाचा वेळही कमी असतो. एटीएक्स (नेहमीच्या पीसीच्या) एसएमपीएसने वीज तुटल्यावर पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. तेवढ्यात पुरवठा आला नाही की पॉवर-गुड सिग्नल (वीज ठीक आहे ही एसएमपीएसची खूण) पडतो आणि बोर्ड रीसेट होतो. बगचेक-कोड शून्य येतो तो असाच. लोड कमी असेल तर कपॅसिटर जास्त वेळ पुरतात, म्हणून ब्राउझर चालू असताना झटका पचतो आणि रेंडरमध्ये पचत नाही. यावरून दुकानदाराने एसएमपीएस कमकुवत ठरवला असणार, पण चांगला एसएमपीएसही इथे हरेल.

तपासायला सोपं आहे. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका, रेंडर लावा आणि इन्व्हर्टरकडे जाणारा मेन स्विच स्वतः बंद-चालू करा (त्या वेळी महत्त्वाचं काही उघडं नको). मग तेच इको मोडवर. फरक दिसला तर शोध संपला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मात्र यूपीएस मोडवरही भागत नाही, कारण ॲक्टिव्ह पीएफसीच्या (वीज घेण्याची पद्धत सुधारणाऱ्या सर्किटच्या) काही एसएमपीएसना तो आकार सोसत नाही. तिथे प्युअर साइन वेव्हच हवा.

दोन्ही मोडमध्ये मशीन टिकलं आणि तरीही नंतर शून्यवाले रीस्टार्ट झाले, तर पुढचा नंबर कॅबिनेटच्या रीसेट बटणाचा. पुढच्या पॅनलकडून येणारी रीसेटची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून ठेवा. दमट हवेत स्वस्त बटणं आतून गंजतात आणि कोणी हात न लावता संपर्क करतात. त्यानंतर प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल क्लिक होईपर्यंत बसली आहे का बघा, आणि बोर्डाखाली एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खुंटा) टेकत नाही ना तेही. काहीच काम चालू नसताना रीस्टार्ट होत असेल तर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल ‘टिपिकल करंट आयडल’ करा. रायझनवर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, पण तुमची लक्षणं तशी नाहीत.

मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले म्हणून एसएमपीएस पास असं मात्र समजू नका. मिलिसेकंदाची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही. उसना एसएमपीएस लावून बघणं हाच घरचा खात्रीचा उपाय.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर मेन्सचं निम्मं व्होल्टेज कॅबिनेटवर आणून ठेवतात, अर्थिंग असेल तर ते जमिनीत जातं. इलेक्ट्रिशियन बोलावून ते आधी करून घ्या, रीस्टार्ट थांबोत न थांबोत.

कोकणकडा :

जुन्या दोन स्टिकवर एक्सएमपीसह चारही फेऱ्या स्वच्छ. निळा पडदा आणि टॅब क्रॅश बंद. इन्व्हर्टर इको मोडवरच होता, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे मेन बंद केल्यावर रेंडर चालू असताना पीसी लगेच रीस्टार्ट झाला. यूपीएस मोडवर त्याच लोडवर टिकला. प्युअर साइन वेव्हचाच आहे. झिणझिण्या येतात, इलेक्ट्रिशियनला सांगितलंय.

आता ३२ जीबीसाठी काय करू? आणि विंडोज परत टाकावं लागेल का?

पाऊलवाट :

वॉरंटीला फक्त ३ नंबरची स्टिक नेऊ नका, नव्या जोडीतल्या दोन्ही न्या. जोडी म्हणून विकलेला माल जोडी म्हणूनच बदलून देतात. बिल, स्टिकवरचे सीरियल नंबर आणि मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो सोबत ठेवा. सीरियल नंबरचं स्टिकर फाटू देऊ नका. रॅमवर अनेक कंपन्यांची वॉरंटी दीर्घ मुदतीची असते, त्यामुळे दुकानदार नाही म्हणाला तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे थेट जा.

बदलून आलेली जोडी लावून चारवर २९३३ ला चालवा, एडिटिंगमध्ये ३२०० चा फरक जाणवणार नाही. पण पर्याय असेल तर १६ जीबीच्या दोन स्टिकचा एकच संच घ्या आणि ८ च्या चारही विकून टाका. मेमरी कंट्रोलरवरचा ताण कमी, ३२०० अधिकृत मर्यादेत, आणि पुढे कधी बिघाड झाला तर तपासायला दोनच स्टिक.

विंडोजबद्दल : कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी डिझमची रिस्टोअर-हेल्थ आज्ञा चालवा आणि मग एसएफसी स्कॅननाउ (दोन्ही विंडोजच्या बिघडलेल्या फाइल शोधून दुरुस्त करतात). एसएफसीला दुरुस्त न होणाऱ्या फाइल सापडल्या तर पुन्हा इन्स्टॉल करा. हे सगळं खराब स्टिक काढल्यावरच, नाहीतर दुरुस्तीच चुकीची लिहिली जाईल.

तुमच्या स्वतःच्या फाइलींकडे जास्त लक्ष द्या. खराब स्टिक असताना जे काही कॉपी केलं, झिप केलं, एक्सपोर्ट केलं ते त्या कप्प्यातून गेलं असू शकतं, आणि एक बिट बदललेला फोटो किंवा व्हिडिओ उघडतोही, त्यामुळे लक्षात येत नाही. त्या काळात घेतलेला बॅकअप जुन्या बॅकअपवर चढवू नका. जुना बॅकअप वेगळा ठेवा आणि दोन्हीकडे असलेल्या पण तुम्ही कधीच न बदललेल्या फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या आशयावरून निघणारी खूण) काढून ताडून बघा. जिथे जुळणार नाही तिथे जुनी प्रत खरी धरा. झिप आणि सेव्हन-झिपच्या फाइलींना आतच सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) असतो, त्यांच्यावर ‘टेस्ट’ चालवलं तरी पुरे. कॅमेऱ्याच्या कार्डावरून त्या काळात उतरवलेलं फुटेज कार्डावर अजून असेल तर कार्ड फॉरमॅट न करता पुन्हा उतरवून घ्या.